स्कीमा मायग्रेशनसाठी (म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांच्या रचनेतले बदल क्रमाने लावण्यासाठी) टूल कोणतं घ्यावं: फ्लायवे, लिक्विबेस, ॲटलास की आणखी काही?

तळटीप
आमच्याकडे स्प्रिंग बूटच्या (जावाचं फ्रेमवर्क) दोन सर्व्हिस पोस्टग्रेस १४ वर आहेत, जँगोची (पायथनचं फ्रेमवर्क) एक सर्व्हिस वेगळ्या पोस्टग्रेसवर आहे आणि रिपोर्टिंगसाठी एक जुना मायएसक्यूएल ८.० आहे. सगळं कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा) चालतं. स्कीमातले बदल सध्या एसक्यूएल फायली लिहून हातानेच चालवले जातात, त्यामुळे स्टेजिंग (चाचणीचं वातावरण) आणि प्रॉडक्शन (खरं वातावरण) कधीच तंतोतंत जुळत नाहीत. सगळ्यात मोठ्या टेबलात अंदाजे १८ कोटी ओळी आहेत. आता हे सगळं पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासून सर्व्हरवर नेणाऱ्या साखळीत) आणायचं आहे. चार गोष्टींवर मत हवं आहे: टूल कोणतं, मायग्रेशन ॲप सुरू होताना चालवावं की वेगळ्या टप्प्यात, रोलबॅकचं (बदल मागे घेण्याचं) काय, आणि आधीपासून चालू असलेल्या डेटाबेसला टूल कसं जोडायचं.

विदाविहारी
टूलच्या आधी डेटाबेसकडे बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक डीडीएल (टेबलांची रचना बदलणारं एसक्यूएल) ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे एक तर सगळं नाहीतर काहीच नाही अशा गटात, चालतं. एका फाइलीत पाच बदल असतील आणि चौथा फसला तर पाचही मागे जातात. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक डीडीएलबरोबर आपोआप कमिट होतो, म्हणजे बदल पक्का होतो. ८.० पासून एकेक स्टेटमेंट अर्धवट राहत नाही, पण पाच स्टेटमेंटांचा गट मात्र अर्धवट राहू शकतो. चौथं फसलं की पहिली तीन लागलेली असतात, टूलच्या नोंदीत ती आवृत्ती ‘फेल’ दिसते आणि पुन्हा चालवलं की पहिल्याच स्टेटमेंटवर ‘हे कॉलम आधीच आहे’ असा एरर येतो. म्हणून मायएसक्यूएलसाठी नियम एकच: एका मायग्रेशनमध्ये एकच डीडीएल. कोणतंही टूल घेतलं तरी हा नियम सुटत नाही.

आता टूल. फ्लायवे म्हणजे क्रमांक घातलेल्या साध्या एसक्यूएल फायली. कोणती फाइल लागली ते फ्लायवे_स्कीमा_हिस्टरी या टेबलात नोंदवलं जातं, सोबत फाइलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण) असतो. लागलेल्या फाइलीत नंतर कोणी बदल केला तर पुढच्या वेळी व्हॅलिडेट (जुळणीची तपासणी) फसतं, आणि ते फसायलाच हवं. पुष्कळ जण अशा वेळी लगेच ‘रिपेअर’ चालवतात. रिपेअर डेटाबेसमधलं काहीच दुरुस्त करत नाही, फक्त नोंदीतला चेकसम नव्या फाइलीशी जुळवून घेतं आणि फसलेल्या नोंदी काढून टाकतं. म्हणजे फाइल एक सांगते आणि टेबल दुसरंच असतं, तेही आता बिनतक्रार. आधी फाइल जुन्या रूपात परत आणा आणि हवा तो बदल नव्या क्रमांकाने लिहा.

लिक्विबेसमध्ये एकक फाइल नसून चेंजसेट असतो. तो एक्सएमएल, यामल, जेसन किंवा साध्या एसक्यूएलमध्ये लिहिता येतो. त्याची ओळख तीन गोष्टींनी ठरते: आयडी, लेखक आणि फाइलीचा पाथ. पाथ हा ओळखीचा भाग आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. कोणी फोल्डरचं नाव बदललं की सगळे जुने चेंजसेट लिक्विबेसला नवे वाटतात आणि ते पुन्हा चालवायला जातं. पहिल्या दिवसापासून लॉजिकल फाइल पाथ ठरवून टाका.

तुमच्या दोन स्प्रिंग सर्व्हिससाठी मी फ्लायवे सांगेन. सगळे एसक्यूएल वाचू शकतात, टूल जे चालवणार ते पीआरमध्ये (कोडमधला बदल इतरांनी तपासण्यासाठीची विनंती) जसंच्या तसं दिसतं. एकच सर्व्हिस चारपाच वेगवेगळ्या डेटाबेसवर चालवावी लागत असेल, किंवा ‘हे कॉलम नसेल तरच जोड’ अशा पूर्वअटी लागत असतील, तर लिक्विबेस. जँगोला मात्र त्याची स्वतःची मायग्रेशन आहेत तीच ठेवा. मॉडेल एकीकडे आणि स्कीमा दुसऱ्या टूलकडे असं केलं की दोघांची फारकत व्हायला वेळ लागत नाही.

एक छोटी गोष्ट, पण नेमकी अपग्रेडच्या वेळी आडवी येते: फ्लायवे १० पासून पोस्टग्रेसचा आधार वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेला आहे. ते डिपेंडन्सीत नसेल तर ‘हा डेटाबेस चालत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो आणि माणूस पोस्टग्रेसची आवृत्ती तपासत बसतो. मायएसक्यूएललाही असंच वेगळं मॉड्यूल लागतं. आणि हायबरनेटची (जावाची डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) स्कीमा आपोआप बदलू शकणारी डीडीएल-ऑटो सेटिंग प्रॉडक्शनमध्ये ‘अपडेट’ असेल तर आजच ‘व्हॅलिडेट’ करा. दोन मालक एका स्कीमाला चालत नाहीत.

कुलूपकिल्ली
विदाविहारींचं सगळं मान्य. पण १८ कोटी ओळी म्हटल्यावर टूलपेक्षा लॉकचा विषय मोठा आहे, आणि त्यात कोणतंही टूल तुम्हाला आपसूक वाचवत नाही.

पोस्टग्रेसमध्ये ‘अल्टर टेबल’चे बहुतेक प्रकार ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (इतरांचं वाचनही रोखणारं कुलूप) घेतात. कॉलम जोडायला स्वतःला काही मिलिसेकंद लागतात, अडचण त्याच्या आधी असते. समजा त्या टेबलावर एखादी रिपोर्टची क्वेरी दहा मिनिटं चालू आहे. अल्टर तिच्यामागे रांगेत उभं राहतं. आता त्यानंतर येणारी प्रत्येक साधी सिलेक्टसुद्धा अल्टरच्या मागे थांबते, कारण रांगेत पुढे असलेल्या लॉकशी तिचं जमत नाही. कनेक्शन पूल (ॲपला मिळणारी मोजकी कनेक्शनं) भरतो आणि साइट बंद पडते, तीही असं काही करताना जे ‘एका क्षणाचं काम’ होतं. ट्रॅन्झॅक्शन उघडून ठेवून नुसतं बसलेलं कनेक्शनही हेच करतं.

उपाय: प्रत्येक मायग्रेशनच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट २ ते ५ सेकंद ठेवा. तेवढ्यात लॉक मिळालं नाही तर मायग्रेशन फसू द्या, अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करा, पाचसहा वेळा. मायग्रेशन फसलं तर पाइपलाइन लाल होते एवढंच, रांग तुंबली तर सगळं थांबतं. हा टाइमआउट मायग्रेशन चालवणाऱ्या रोलवरच (डेटाबेसमधल्या खात्यावरच) लावून ठेवला तर कोणी विसरण्याचा प्रश्न राहत नाही.

पुढे, कोणता बदल स्वस्त आणि कोणता महाग ते पाठ असावं:

कॉलम जोडताना स्थिर डीफॉल्ट दिलं तर पोस्टग्रेस ११ पासून टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. डीफॉल्ट दर ओळीला वेगळं येणारं असेल, म्हणजे यादृच्छिक यूयूआयडीसारखं, तर अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं.

व्हारकॅर ५० चं १०० करणं किंवा टेक्स्ट करणं स्वस्त आहे. इंटिजरचं बिगइंट करणं महाग, टेबल आणि त्यावरचे इंडेक्स पुन्हा बांधले जातात आणि तोवर वाचनही बंद.

‘नॉट नल’ (कॉलम रिकामं चालणार नाही ही अट) थेट लावलं तर लॉक धरून अख्खं टेबल तपासलं जातं. त्याऐवजी आधी ‘कॉलम नल नाही’ असा चेक कन्स्ट्रेंट ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून (जुन्या ओळी न तपासता) जोडा, दुसऱ्या मायग्रेशनमध्ये तो व्हॅलिडेट करा, तेव्हा लिहिणं-वाचणं चालू राहतं. मग ‘नॉट नल’ लावा. पोस्टग्रेस १२ पासून तो सिद्ध झालेला चेक पाहून तपासणी टाळली जाते. शेवटी चेक काढून टाका. फॉरेन कीलाही (दुसऱ्या टेबलाशी जोडणारी अट) हीच दोन पायऱ्यांची पद्धत. ‘नॉट व्हॅलिड’ आणि ‘व्हॅलिडेट’ एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये घातले तर पहिल्या पायरीचं जड लॉक तपासणी संपेपर्यंत धरून ठेवलं जातं आणि फायदा शून्य.

इंडेक्स नेहमी कन्करंटली, म्हणजे लिखाण न थांबवता. पण तो ट्रॅन्झॅक्शनमध्ये चालत नाही, म्हणून तो एकटाच एका फाइलीत ठेवा. फ्लायवे असं स्टेटमेंट ओळखून ट्रॅन्झॅक्शनशिवाय चालवतं, सोबत दुसरं काही असेल तर नकार देतं. अजून एक खाचखळगा: फ्लायवे स्वतःचं ॲडव्हायजरी लॉक (दोन मायग्रेशन एकाच वेळी चालू नयेत म्हणूनचं) ट्रॅन्झॅक्शन उघडं ठेवून धरतं, आणि कन्करंटली इंडेक्स जुनी ट्रॅन्झॅक्शनं संपायची वाट बघतो. दोघं एकमेकांची वाट बघत राहतात, एरर येत नाही, नुसतं लटकतं. त्यासाठी पोस्टग्रेसच्या ट्रॅन्झॅक्शनल लॉकची सेटिंग फ्लायवेमध्ये आहे, ती ‘फॉल्स’ करा. मग लॉक सेशनचं होतं. सेशनचं लॉक पीजीबाउन्सर या पूलरच्या (कनेक्शन वाटून देणाऱ्या टूलच्या) ट्रॅन्झॅक्शन मोडमध्ये भरवशाचं राहत नाही, म्हणून मायग्रेशनचं कनेक्शन पूलर टाळून थेट डेटाबेसला द्या.

आणि कन्करंटली इंडेक्स मध्येच फसला तर त्याच नावाचा अवैध इंडेक्स मागे राहतो. तो क्वेरीला उपयोगी पडत नाही पण प्रत्येक लिखाणाचा भार मात्र घेतो. पुन्हा चालवताना कोणी ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ लिहिलं असेल तर नाव सापडतं, काम शांतपणे वगळलं जातं आणि मायग्रेशन हिरवं दिसतं. म्हणून आधी ‘ड्रॉप इंडेक्स कन्करंटली इफ एक्झिस्ट्स’, मग नवा इंडेक्स, ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ न लिहिता. दोन्ही स्टेटमेंट ट्रॅन्झॅक्शनबाहेरचीच आहेत, म्हणून एका फाइलीत चालतात. नंतर पीजी_इंडेक्स मध्ये इंडिसव्हॅलिड खरं आहे का ते बघा.

पानगळ
मी थोडी वेगळी बाजू मांडते. वर सगळं क्रमांकाच्या फायलींभोवती चाललं आहे. दुसरी पद्धत म्हणजे ‘स्कीमा असा हवा’ एवढंच लिहायचं आणि फरक टूलने काढायचा. एसक्यूएल सर्व्हरच्या जगात डॅकपॅक (हव्या त्या स्कीमाचं पॅकेज) असंच चालतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलसाठी ॲटलास आहे. तीनशे फायली साठल्यावर एखाद्या टेबलाचं आजचं रूप काय हे फायली वाचून कळत नाही. या दुसऱ्या, डिक्लरेटिव्ह पद्धतीत ते एका जागी दिसतं, आणि प्रॉडक्शनमध्ये कोणी हाताने काही केलं असेल तर फरकात लगेच पकडलं जातं. तळटीप यांची मूळ तक्रार स्टेजिंग आणि प्रॉडक्शन न जुळण्याचीच आहे ना?

विदाविहारी
@पानगळ, रूप एका जागी दिसण्याचा फायदा खरा आहे. पण फरक काढणाऱ्या टूलला हेतू कळत नाही. कॉलमचं नाव बदललं तर त्याला दिसतं की एक कॉलम गेलं आणि एक नवं आलं. ते तसंच लावलं तर डेटा गेला. अलेम्बिक या पायथनच्या मायग्रेशन टूलचं ऑटोजनरेटही नामांतर ओळखत नाही, काढ-घाल असंच लिहून देतं. डॅकपॅकमध्ये नामांतराची नोंद रिफॅक्टरलॉग नावाच्या फाइलीत जाते, पण ते व्हिज्युअल स्टुडिओमधून ‘रिनेम’ केलं तरच. नुसतं मजकुरात बदललं तर नोंद नाही. तिथे ‘डेटा जाण्याची शक्यता असेल तर थांब’ ही सेटिंग मुळात चालू असते. पाइपलाइन अडते म्हणून ती बंद करणारे भेटतात. तिला हात लावू नये.

पानगळ
म्हणूनच मी थेट प्रॉडक्शनवर फरक लावा असं म्हणत नाही. ॲटलासमध्ये मधला मार्ग आहे: हवा तो स्कीमा लिहायचा, टूलकडून क्रमांकाची एसक्यूएल फाइल तयार करून घ्यायची, ती माणसाने वाचायची, गरज असेल तिथे नामांतरासारखी दुरुस्ती करायची आणि मग ती फाइल पीआरमध्ये जायची. फोल्डरबरोबर हॅशची (फायलींच्या मजकुराच्या खुणांची) एक सम फाइल राहते. दोन ब्रँचनी (कोडच्या समांतर प्रतींनी) एकाच वेळी मायग्रेशन घातलं तर त्या सम फाइलीत मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे गोंधळ प्रॉडक्शनला पोचायच्या आधी मर्जच्या वेळीच कळतो. फरक काढायला त्याला एक रिकामा तात्पुरता डेटाबेस लागतो, तो प्रॉडक्शनच्याच मुख्य आवृत्तीचा ठेवा. पोस्टग्रेस १४ साठी १६ वापरला तर भलतेच फरक दिसू शकतात.

विदाविहारी
ही मांडणी पटली. फाइल माणसाने वाचून पक्की होत असेल तर माझा आक्षेप नाही. ब्रँचच्या क्रमाचा मुद्दा फ्लायवेलाही लागू आहे. एका ब्रँचमध्ये १२, दुसरीत १३, आणि १३ आधी प्रॉडक्शनला गेलं तर नंतर आलेल्या १२ वर व्हॅलिडेट अडतं. ‘आउट ऑफ ऑर्डर’ चालू करून लोक सुटका करून घेतात, पण मग प्रत्येक वातावरणात फायली वेगळ्या क्रमाने लागलेल्या असतात. टाइमस्टॅम्पचे क्रमांक वापरले तरी हा प्रश्न सुटत नाही, फक्त दोन फायलींना एकच क्रमांक येणं टळतं. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) तपासणी घाला: नव्या फाइलीचा क्रमांक मुख्य ब्रँचमधल्या सर्वांत मोठ्या क्रमांकापेक्षा मोठा हवा, नसेल तर मर्ज नाही.

तळटीप
स्प्रिंगसाठी फ्लायवे आणि जँगोसाठी जँगोचंच, इथवर पक्कं होतंय. आता ॲप सुरू होताना चालवणं सोडायचं का? स्प्रिंग बूटमध्ये ते आयतं मिळतं म्हणून विचारतो.

रात्रपाळी
सोडा. एकच पॉड (कुबरनेटीसमधली ॲपची एक चालू प्रत) आणि छोटा डेटाबेस असेल तर चालतं, तुमच्याकडे नको. कारणं अशी.

पॉड सुरू होताना मायग्रेशन चालू असतं तेव्हा ॲप अजून आरोग्यतपासणीला उत्तर देत नाही. इंडेक्सला वीस मिनिटं लागणार असतील तर लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ते बघणारी तपासणी) तोवर पॉड मारून टाकतो. नवा पॉड येतो, पुन्हा तेच. लिक्विबेस असेल तर यात अजून एक भर: त्याचं लॉक म्हणजे डेटाबेसचेंजलॉगलॉक टेबलातली एक ओळ असते. प्रक्रिया मेली तरी ती ओळ तशीच राहते. पुढचा प्रत्येक पॉड मूळ सेटिंगप्रमाणे पाच मिनिटं वाट बघून फसतो. ‘रिलीज लॉक्स’ ही कमांड आहे, पण ती चालवायच्या आधी खरोखर कोणतंही मायग्रेशन चालू नाही हे डेटाबेसमधल्या चालू सेशनमध्ये बघून घ्यायचं.

दुसरं कारण परवानग्यांचं. ॲप सुरू होताना मायग्रेशन चालवायचं तर ॲपच्या युजरलाच टेबल पाडायचा हक्क द्यावा लागतो. दोन रोल करा: टेबलांचा मालक असलेला मायग्रेशनचा रोल, आणि फक्त वाचणं-लिहिणं करणारा ॲपचा रोल. नव्या टेबलांवर ॲपला हक्क आपोआप मिळावेत म्हणून ‘अल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ लावा. ते ज्या रोलसाठी लावलं त्याच रोलने तयार केलेल्या टेबलांना लागू होतं. सुपरयुजरने लावलं आणि टेबल मायग्रेशनच्या रोलने केलं तर ॲपला ‘परवानगी नाही’ मिळतं.

कुबरनेटीसमध्ये मायग्रेशन हा वेगळा जॉब (एकदा चालून संपणारं काम) ठेवा. इनिट कंटेनर नको, तो प्रत्येक पॉडबरोबर चालतो. नवी आवृत्ती लावायला हेल्म असेल तर प्री-अपग्रेड हुक, आर्गो सीडी असेल तर प्रीसिंक हुक, म्हणजे नवा कोड लागायच्या आधी चालणारी पायरी. हेल्मच्या हुकमध्ये ‘बिफोर हुक क्रिएशन’ ही डिलीट पॉलिसी ठेवा, म्हणजे फसलेल्या जॉबचे लॉग पुढच्या वेळेपर्यंत वाचायला राहतात. पहिल्या इन्स्टॉलला प्री-इन्स्टॉल हुक चालतो तेव्हा त्याच चार्टमधले (हेल्मच्या पॅकेजमधले) कॉन्फिगमॅप आणि सीक्रेट अजून तयार झालेले नसतात. डेटाबेसचा पासवर्ड चार्टच्या बाहेर ठेवा, नाहीतर जॉब सीक्रेटची वाट बघत लटकेल. जॉबची कमाल वेळ ठरवताना सर्वांत मोठ्या इंडेक्सचा वेळ धरा, नाहीतर तो मध्येच मारला जाईल आणि कुलूपकिल्ली यांनी सांगितलेला अवैध इंडेक्स मागे राहील. स्प्रिंगमध्ये फ्लायवे ‘इनेबल्ड’ ही सेटिंग फॉल्स करायला विसरू नका.

पाइपलाइनचा क्रम माझ्या मते असा असावा. पीआर उघडला की पोस्टग्रेसच्या फायलींवर स्क्वॉक किंवा ॲटलासचा लिंटर, तो ‘कन्करंटली नाही’, ‘थेट नॉट नल’ अशा गोष्टी पकडतो. जुन्या फाइलीत बदल असेल तर पीआर तिथेच लाल. मग रिकाम्या डेटाबेसवर पहिल्यापासून सगळी मायग्रेशन, टेस्टकंटेनर्सने (चाचणीपुरता डेटाबेस उभा करणारी लायब्ररी), प्रॉडक्शनच्याच आवृत्तीवर. त्यानंतर प्रॉडक्शनच्या स्कीमाच्या प्रतीवर फक्त नवी मायग्रेशन. आणि ज्या पायरीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ती: नवा स्कीमा लावून सध्या प्रॉडक्शनमध्ये असलेल्या जुन्या कोडच्या टेस्ट चालवणं. रोलिंग अपडेटमध्ये (पॉड एकेक करून बदलताना) काही मिनिटं जुने पॉड नव्या स्कीमावर चालतच असतात, ती स्थिती फक्त इथेच तपासली जाते.

कुलूपकिल्ली
शेवटच्या मुद्द्याला जँगोचं एक उदाहरण जोडतो. जँगोमध्ये नॉट नल कॉलमला मॉडेलमध्ये डीफॉल्ट दिलं की मायग्रेशन कॉलम जोडताना डीफॉल्ट लावतं आणि लगेच डेटाबेसमधून ते काढून टाकतं. पुढे डीफॉल्ट भरायचं काम पायथनचं कोड करतं. पण जुन्या पॉडना ते कॉलम माहीतच नाही, त्यांचा प्रत्येक इन्सर्ट नॉट नलवर आपटतो. जँगो ५.० पासून डीबी_डीफॉल्ट आहे, ते डेटाबेसमध्येच राहतं. त्याआधीची आवृत्ती असेल तर कॉलम आधी नल चालणारं ठेवा. मायग्रेशन प्रत्यक्षात काय चालवणार हे ‘एसक्यूएलमायग्रेट’ कमांडने पीआरमध्येच दिसू द्या.

तळटीप
मग कॉलमचं नाव बदलणं किंवा प्रकार बदलणं जुन्या कोडला न मोडता कसं करायचं? आणि रोलबॅक?

कुलूपकिल्ली
नाव बदलायचंच नाही. नवं कॉलम आणायचं आणि जुनं निवृत्त करायचं. ‘नाव’ वरून ‘पूर्ण_नाव’ वर जायचं आहे असं धरा.

पहिली रिलीज: ‘पूर्ण_नाव’ नल चालणारं जोडा. मायग्रेशन लागल्यावर नवा कोड दोन्ही कॉलमांत लिहितो, वाचतो मात्र जुन्यातून. सगळे जुने पॉड गेल्याशिवाय पुढची पायरी नाही.

मग जुन्या ओळी भरणं. हे मायग्रेशनच्या फाइलीत घालू नका. १८ कोटी ओळींचं एकच अपडेट म्हणजे तेवढ्याच मृत (जुन्या, निरुपयोगी) ओळी, टेबल जवळपास दुप्पट फुगलेलं, आणि ते संपेपर्यंत व्हॅक्युमला (मृत ओळी साफ करणाऱ्या प्रक्रियेला) त्या काळातलं काही साफ करता येत नाही. वेगळी स्क्रिप्ट ठेवा: प्रायमरी कीच्या पट्ट्याने पाच ते दहा हजार ओळी, प्रत्येक पट्ट्यानंतर कमिट, रेप्लिका (डेटाबेसची मागोमाग चालणारी प्रत) काही सेकंदांहून जास्त मागे पडली तर थांबणं. ‘पूर्ण_नाव नल असेल तरच’ ही अट हवी, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच थांबली तर बिनधास्त पुन्हा चालवता येते. ऑफसेटने (आधीच्या ओळी मोजून वगळत) पट्टे पाडू नका, पुढे पुढे ते संथ होत जातं.

भरून झाल्यावर दोन्ही कॉलम वेगळी असलेल्या ओळी मोजा. तुलना ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ने करा, साध्या असमान चिन्हाने नल असलेल्या ओळी सुटतात. उत्तर शून्य हवं.

दुसरी रिलीज: वाचन नव्यातून, लिखाण अजून दोन्हींत. इथपर्यंत कोड मागे घेणं पूर्ण सुरक्षित आहे.

तिसरी रिलीज: जुन्या कॉलमाचा उल्लेख कोडमधून काढा. त्याच्या आधीच्या मायग्रेशनमध्ये जुन्या कॉलमाचं ‘नॉट नल’ काढायला हवं, नाहीतर नवा कोड ते भरत नाही म्हणून इन्सर्ट फसतील. ही पायरी सर्वांत जास्त राहून जाते.

शेवटी, पुढच्या रिलीजमध्ये, जुनं कॉलम पाडा. त्याआधी व्ह्यू, ट्रिगर, रिपोर्ट आणि ईटीएल (डेटा दुसरीकडे नेणाऱ्या प्रक्रिया) शोधा. कुठे ‘सिलेक्ट स्टार’ची प्रीपेअर्ड क्वेरी असेल तर कॉलम बदलल्यावर पोस्टग्रेस ‘साठवलेल्या प्लॅनचा निकालाचा प्रकार बदलता येत नाही’ असा एरर देतो, कनेक्शन नवं झालं की जातो. कॉलमं नावाने लिहिलेली असतील तर हा त्रास नाही.

पानगळ
रोलबॅकबद्दल: कोड मागे घ्या, स्कीमा पुढेच ठेवा. वरच्या पायऱ्या पाळल्या तर स्कीमा मागे न्यायची वेळ क्वचित येते. डाउन स्क्रिप्ट (मायग्रेशन उलटवणाऱ्या) प्रॉडक्शनवर आपोआप चालवू नयेत असं माझं ठाम मत आहे. कॉलम जोडण्याचं उलट म्हणजे कॉलम पाडणं, आणि मधल्या तासाभरात त्यात आलेला डेटाही त्याबरोबर जातो. कॉलम पाडण्याचं उलट तर नाहीच, रिकामं कॉलम परत येतं.

रात्रपाळी
सहमत, एक भर. डाउन स्क्रिप्ट डेव्हलपरच्या मशीनवर ब्रँच बदलताना उपयोगी आहेत, तेवढ्यासाठी जँगोमध्ये असू द्या. फ्लायवेमध्ये अनडू हा फुकट आवृत्तीचा भाग नाही, त्यावरून टूल नाकारण्याची गरज नाही. ज्यांना पुढे नेणं, मागे आणणं आणि पडताळणं अशा तीन स्क्रिप्ट शिस्तीने लिहायच्याच आहेत त्यांच्यासाठी स्क्विच आहे. त्यातली पडताळणीची कल्पना कुठलंही टूल असलं तरी उचलण्यासारखी आहे. बॅकअपमधून परत आणणं हा रोलबॅक नाही, तो अपघातावरचा उपाय आहे. तरीही काही पाडणारं मायग्रेशन असेल तर आधीची वेळ नोंदवून ठेवा, म्हणजे पॉइंट इन टाइम रिस्टोअर (त्या क्षणाचा डेटा परत आणणं) वेगळ्या सर्व्हरवर करून तेवढंच टेबल परत आणता येतं.

विदाविहारी
मायएसक्यूएल राहिला. तिथे ८.०.१२ पासून कॉलम शेवटी जोडणं इन्स्टंट (टेबल पुन्हा न लिहिता) होतं, ८.०.२९ पासून कुठेही जोडणं आणि पाडणंही. अल्टरमध्ये ‘अल्गोरिदम इन्स्टंट’ उघड लिहा. जमत नसेल तर एरर येतो. न लिहिलं तर डेटाबेस मुकाट्याने टेबलाची प्रत करायला बसू शकतो. असे बदल एका टेबलावर ८.० मध्ये ६४ पर्यंतच चालतात, मग टेबल एकदा पुन्हा बांधावं लागतं. मेटाडेटा लॉकसाठी (टेबलाच्या रचनेवरच्या कुलपासाठी) थांबण्याची मूळ मर्यादा ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे एक वर्ष. मायग्रेशनच्या सेशनमध्ये ती पाच सेकंद करा.

इन्स्टंट जमत नसेल आणि टेबल मोठं असेल तर घोस्ट (gh-ost) किंवा पर्कोनाचं पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज. दोन्ही नवं टेबल बांधून शेवटी अदलाबदल करतात. पर्कोनाचं ट्रिगर वापरतं, घोस्ट बायनरी लॉग (मायएसक्यूएलची बदलांची नोंदवही) वाचतं, म्हणून मूळ टेबलावर भार कमी आणि मध्येच वेग कमी करता येतो. घोस्टला बायनरी लॉग ‘रो’ प्रकारचा हवा, आणि फॉरेन की असलेल्या टेबलांवर ते चालत नाही. डिस्कवर टेबलाएवढी जागा मोकळी हवी, बायनरी लॉगची वेगळी.

अशा वेळी बदल टूलच्या बाहेर होतो, पण टेस्टच्या डेटाबेसला तोच बदल मायग्रेशनमधून मिळायला हवा. मायएसक्यूएलमध्ये ‘कॉलम नसेल तर जोड’ असं लिहिता येत नाही. इथे लिक्विबेसची पूर्वअट कामी येते: कॉलम आधीच असेल तर चेंजसेट ‘चालला’ अशी नोंद करून पुढे जा. म्हणून या एका डेटाबेससाठी मी लिक्विबेस घेईन, दोन्ही स्प्रिंग सर्व्हिसकडे फ्लायवे असलं तरी.

तळटीप
समजलं. शेवटचा प्रश्न: चालू डेटाबेसला फ्लायवे जोडायचं कसं, जेव्हा स्टेजिंग आणि प्रॉडक्शन आधीच वेगळे आहेत?

रात्रपाळी
प्रॉडक्शन खरं धरा. पीजी_डंप या पोस्टग्रेसच्या टूलने फक्त स्कीमा काढा, मालकी आणि परवानग्या वगळून. स्टेजिंगचाही तसाच काढा आणि दोन्हींचा डिफ (फरक) बघा. प्रत्येक फरकाला एक निर्णय: प्रॉडक्शनमध्ये हवा तर तो बेसलाइननंतरचं (सुरुवातीच्या नोंदीनंतरचं) पहिलं मायग्रेशन, नको तर स्टेजिंगमधून काढायचा. सोपं पडत असेल तर स्टेजिंग सरळ प्रॉडक्शनच्या स्कीमावरून नव्याने बांधा.

मग प्रॉडक्शनचा तो डंप व्ही१ म्हणून फाइलीत ठेवा. डंपमधल्या सुरुवातीच्या सेट ओळी तपासा. त्यात सर्च पाथ (टेबलं कुठे शोधायची ती यादी) रिकामा करणारी एक ओळ असते, ती तशीच राहिली तर त्याच कनेक्शनवरच्या पुढच्या मायग्रेशनना टेबलं सापडत नाहीत. ती काढा. नव्या आवृत्तीच्या पीजी_डंपने बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या ओळी घातल्या असतील तर त्याही काढा, त्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन टूलच्या आहेत, एसक्यूएल नाहीत.

व्ही१ रिकाम्या डेटाबेसवर फ्लायवेने चालवा, त्याचा पुन्हा डंप काढा, फ्लायवेचं स्वतःचं नोंदीचं टेबल वगळून मूळ डंपशी डिफ करा. फरक शून्य आला की चालू डेटाबेसवर ‘बेसलाइन’ ही कमांड आवृत्ती १ देऊन एकदाच, हाताने चालवा. त्याने व्ही१ न चालवता नोंद होते. ‘बेसलाइन ऑन मायग्रेट’ कायमचं चालू ठेवू नका. कनेक्शनचा पत्ता चुकून भलत्या डेटाबेसकडे गेला तर फ्लायवे तिथेही बेसलाइन टाकून पुढची मायग्रेशन लावायला सुरुवात करेल.

हाच डिफ नंतर रोज रात्री चालू ठेवा, एका बाजूला सगळी मायग्रेशन लावलेला रिकामा डेटाबेस आणि दुसऱ्या बाजूला प्रॉडक्शन. दोन्हींची मुख्य आवृत्ती आणि पीजी_डंपची आवृत्ती एकच असू द्या. कॉलमांचा क्रम वेगळा दिसला तर तो हाताने केलेल्या बदलाचाच माग असतो, दुर्लक्ष करू नका. आणि त्याच दिवशी माणसांच्या खात्यांचे डीडीएलचे हक्क काढून घ्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात डिफमध्ये पुन्हा ओळी दिसायला लागतील.